मायच्या लवकीचं बी

आमच्या घराचं पुढचं दार गावाच्या वाटेवर उघडायचं, पण आम्ही खरे राहायचो ते मागच्या बाजूला, वाडीत. वाडी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागचा पाऊण एकराचा तुकडा, काटेरी कुंपण आणि मधोमध विहीर. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू झाली की मला जाग यायची. वडील होते तेव्हा मोट चालायची. ते तापानं गेले, बैल विकले, आणि मग त्या कुरकुरीच्या जागी दोराचा आणि घागरीचा आवाज आला. माय घागर शेंदायची, कमरेवर घ्यायची आणि वाफ्यावाफ्याला पाणी द्यायची. तिच्या डाव्या कमरेवर घट्टा पडला होता. मी तो कधी पाहिला नाही, पण ती बसताना त्या बाजूला आधी हात टेकायची, म्हणून मला माहीत होतं.

वाडीत काय नव्हतं? वांगी, मिरच्या, अंबाडी, चवळी, ज्याला आम्ही भेदरं म्हणतो ते टमाटे, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे दोन वाफे. कुंपणाला दोडके आणि कारली, विहिरीपाशी पपई, आणि पार टोकाला एक जामाचं झाड. त्या पेरूंवर पोपट आधी आणि आम्ही नंतर. पण मायचा जीव होता तो लवकीवर. दुधी भोपळ्याला आमच्याकडे लवकी म्हणतात. मायची लवकी हातभर लांब, फिकट हिरवी, आणि नखानं टोचलं तर पाणी यावं इतकी कोवळी. चण्याच्या डाळीत ती शिजत असली की शेजारच्या गोदाकाकू कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय वं, आज लेक आला वाटते कॉलेजातून?" मी आलेलो असलो की डाळीत लवकी पडायची, हे गावाला ठाऊक होतं.

हे बी मायनं माहेराहून आणलं होतं, लग्नात, पदराच्या गाठीत. तिचं माहेर किनवटच्या बाजूला. तेव्हा तेही आमच्याच जिल्ह्यात होतं, सगळं निजामाचंच. दर साली वेलावरची सगळ्यांत चांगली लवकी ती तोडायची नाही. तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे कोणी हात लावायचा नाही. ती वाळून लाकडासारखी झाली की चुलीवरच्या आढ्याला टांगायची. आणि मृग लागायच्या आधी गावातल्या बायका सुपं घेऊन यायच्या. बी विकायचं नाही, असा नेम. घेणारीनं बदल्यात दुसरं कसलं तरी बी द्यायचं, मूठभर मूग का असेना. देणारीनं मोजायचं नाही आणि घेणारीनं 'पुरे' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, आढ्याला काहीही उरता कामा नये. आपल्या वेलापुरतं जमिनीत घालायचं आणि बाकी सगळं देऊन टाकायचं. "ठेवलेलं बी रुसते," माय म्हणायची. दरवर्षी एक पुरचुंडी मामाकडेही जायची, कारण मामीची वाडी मोठी होती आणि बी तिथलंच होतं.

मला हे सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माय विधवा होती. संक्रांतीचं हळदीकुंकू, कोणाच्या घरचं डोहाळजेवण, नव्या नवरीचं पाऊल, यांतलं कुठलंच बोलावणं आमच्या दाराला यायचं नाही. लग्नाच्या मांडवातही ती मागे भांड्यांपाशी बसायची, कोणी सांगायच्या आत आपणच. पण मृगाच्या आधीचे ते आठ दिवस गावातल्या सवाष्णी तिच्यापुढे पदर पसरायच्या. 'हिच्या हाताले गुन हाय' असं म्हणायच्या. पाटलाच्या सूनबाईसुद्धा यायच्या. त्या आठ दिवसांत मायचा आवाज बदलायचा. ती चेष्टा करायची, टोमणे मारायची. "पाटलीनबाई, मागच्या साली तुमची लवकी बोटभर झाली म्हने. मी बी देल्लं, पानी बी मीच द्याव काय?" आणि पाटलीणबाई हसायच्या. ते हसणं मायला वर्षभर पुरायचं, असं मला आता वाटतं.

त्या काळात सगळंच बदलत होतं. शाळेत मी उर्दूतून सुरुवात केली आणि मराठीतून संपवली. निजामाचं राज्य गेलं, आदिलाबादच्या सरकारी कचेरीवरच्या पाट्या पुसून नव्या लिहिल्या गेल्या. मग कुजबूज सुरू झाली की राज्यच मोडणार. पारावर म्हातारे विचारायचे, "आपन कोनीकडं जाऊन राह्यलो?" जसं काही आम्ही सगळे गाडीत बसलेलो आहोत आणि गाडीवानानं सांगितलंच नाही. मी घराण्यातला पहिला कॉलेजात गेलेला. गावात कागद आला की माझ्याकडे यायचा, आणि वाचून दाखवताना मी जरा जास्तच गंभीर व्हायचो. हे मी आज हसून लिहितो, पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की वाचता येणाऱ्या माणसाला सगळं कळतं.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी गावातल्या गाड्यांबरोबर उटनूरच्या बाजारात गेलो. मायच्या वेलांच्या मांडवासाठी बांबू आणायचे होते. तिथे मी गोंड बायका पाणी नेताना पाहिल्या. वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे, मानेला दोरी, आणि इतके हलके की एकेक बाई दोन-दोन घेऊन हसत चाललेली. मला मायची कमर आठवली. बाजाराच्या कडेला एक म्हातारा गोंड असे तुंबे घेऊन बसला होता. मी तुंबा मागितला तर तो म्हणाला हे सगळे आधीच कोणाला तरी बोललेले आहेत, आणि मग माझ्याकडे पाहून कमरेच्या कापडातून चार बिया काढून दिल्या. "ये लगाव. मगर घर के पास नहीं. दूर लगाना, जंगल बाजू." मी विचारलं, का? त्याला हिंदी पुरेशी येत नसावी, किंवा मला सांगून उपयोग नाही असं वाटलं असेल. हात लांब करून त्यानं पुन्हा दाखवलं: दूर. मी मनात म्हटलं, काहीतरी भुताखेताचं असेल. बिया खिशात घातल्या.

तुंब्याचा भोपळा कडू असतो, खायचा नसतो, एवढं मायला माहीत होतं. मी ते बी कुंपणाच्या कोपऱ्यात लावलं, विहिरीजवळ, पाणी देणं सोपं म्हणून. म्हाताऱ्याचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. सांगण्यासारखं वाटलं नाही. त्या पावसाळ्यात दोन्ही वेल जोमानं चढले. दिवेलागणीला दोन्हीकडे पांढरी फुलं उमलायची आणि मोठे करडे पतंग एका मांडवावरून दुसऱ्यावर भिरभिरायचे. सुट्टीला आलो की मी पायरीवर बसून ते पाहायचो. सुंदर दिसायचं. मायची लवकी त्या साली नेहमीसारखीच गोड झाली. तुंबेही तीन झाले. हिवाळ्याच्या सुट्टीत ते वाळवून, आतलं खरवडून, मी मायच्या हातात दिले. ती तुंबा घेऊन वाफ्यांतून फिरली आणि गोदाकाकूंना हाक मारून म्हणाली, "पाह्य वं गोदा, माह्या बाबूनं आनला. फुलावानी हलका हाय." तिला इतकं आनंदलेलं मी फार वेळा पाहिलं नाही.

मृगाच्या आधी बायका आल्या, सुपं घेऊन. मायनं चिंधी सोडली, लवकी फोडली, आणि नेमाप्रमाणे सगळं बी देऊन टाकलं. मामाकडे पुरचुंडी गेली. आढं रिकामं झालं. मी कॉलेजला परत गेलो.

पुढचं मला मायनं सांगितलं नाही. दिवाळीत आलो तेव्हा गावानं सांगितलं. श्रावणात लवकी धरल्या, दिसायला नेहमीसारख्याच, थोड्या फुगीर. पहिल्यांदा पाटलाच्या घरी भाजी कडू झाली. सूनबाईला वाटलं मसाल्यात काही पडलं. मग दुसऱ्या घरी, मग चौथ्या. एकाच मांडवावरच्या एका वेलाची गोड, दुसऱ्याची विषासारखी, आणि चाखल्याशिवाय कळायचं नाही. माय आदिलाबादच्या बाजारात टोपली घेऊन बसली होती, तिथे तासाभरात एक तेलुगू बाई परत आली आणि अर्धी लवकी तिच्या पुढ्यात टाकून ओरडली, "चेदु! चेदु!" कडू, कडू. शेजारचा मिरचीवाला हसून म्हणाला, "बाई, सबज़ी बेचती है या दवा?" मायनं तिथेच एक लवकी तोडून तोंडाला लावली. मग टोपली डोक्यावर घेतली आणि चालत गावाला आली.

गोदाकाकूंचे सासरे म्हातारे, जुन्या वळणाचे. पानातलं टाकायचं नाही हा त्यांचा नेम. त्यांनी कडू लवकी पूर्ण खाल्ली. दोन दिवस ओकाऱ्या झाल्या, मग खाटेला लागले आणि महिन्यानं गेले. त्यानं गेले की वयानं, हे कोणी सांगावं? पण गोदाकाकू, ज्या रोज कुंपणावरून बोलायच्या, त्यांनी कुंपणाच्या त्या जागी काट्यांची आणखी एक फांदी लावली. दिवाळीत मी गावच्या विहिरीवर गेलो तर दोन बायका बोलत होत्या, मला पाहूनही थांबल्या नाहीत. "आमीच येड्या. रांडमुंड बाईच्या हातचं बी कायले घ्याव? आज लवकी कडू झाली, उद्या काय होईल?" इतकी वर्षं ज्या हाताला गुण होता, तोच हात. त्या दिवाळीत माझ्या डाळीत लवकी नव्हती. मांडवावरचे सगळे वेल तिनं उपटून टाकले होते, गोडही आणि कडूही.

त्याच सुमारास आमचं राज्य मोडलं. कॉलेजात मुलं दोन दिवस फक्त हेच बोलत होती, कोण कुठे गेलं. आमचा जिल्हा आंध्रात, किनवट मुंबई राज्यात. मायचं माहेर परक्या राज्यात गेलं, हे मी तिला पत्रानं कळवावं म्हटलं, पण तिला वाचता येत नव्हतं, आणि पत्र वाचून दाखवायला आता कोण आलं असतं?

मग एके दिवशी वर्गात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भोपळ्याच्या फुलाबद्दल बोलले. ते इंग्रजीत शिकवायचे, मला निम्मं कळायचं, पण त्यांनी फळ्यावर नर फूल काढलं, मादी फूल काढलं, आणि मधे एक पतंग. एका वेलाचा पराग दुसऱ्या वेलावर कसा जातो ते सांगितलं. मी वर्गात कधी प्रश्न विचारत नसे. त्या दिवशी उभा राहिलो आणि अडखळत विचारलं की, कडू भोपळ्याचा पराग गोड भोपळ्यावर पडला, तर ते फळ कडू होईल का? ते मराठीतच म्हणाले, बहुधा माझी अवस्था पाहून: "नाही. फळ आईचं असतं, ते गोडच राहील. पण आतलं बी दोघांचं. ते लावलंत की कडूपणा पुढच्या वर्षी दिसेल." आणि ते पुढे गेले. वर्गातल्या कोणीच ते वाक्य उतरवून घेतलं नाही, कारण परीक्षेला नव्हतं. मी आजही बाजारातून दुधी आणला की आधी टोकाची चकती जिभेवर ठेवून पाहतो. घरातले हसतात. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

संक्रांतीला मी घरी आलो. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं. तुझा दोष नाही, माय, माझा आहे, आणि हे पुस्तकात लिहिलेलं आहे. ती सुपात डाळ निवडत बसली होती. मी सांगितलं: फुलं, पतंग, पराग, सगळं. ती ऐकत राहिली. मग मी तेही सांगितलं जे सांगायचं नव्हतं, की त्या म्हाताऱ्यानं दूर लाव म्हटलं होतं.

तिचा हात थांबला. "मंग मले सांगतलं काऊन नाई तवा?"

"मला वाटलं, अडाणी माणूस आहे. काहीतरी बोलतोय."

मायनं सूप पुन्हा हलवलं. मग सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "अडानी तं मीबी आहो, बाबू."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी, तिला न विचारता, मी गावच्या विहिरीवर गेलो. बायका वाणाच्या गडबडीत होत्या, हातांत बोरं, तीळ, हळदीकुंकवाच्या वाट्या. मी उभा राहून सांगितलं की यात मायचं काही नाही, माझ्या तुंब्याच्या वेलानं झालं, फुलाच्या धुळीनं. मग गोदाकाकू म्हणाल्या, "फुलाची धूळ! हे शिकाले गेल्ता काय रे तू शहरात?" कोणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, "मायले वाचवाले लेक किताब घेऊन आला. चांगला हाय पोरगा." त्यातल्या एकीनं तर मला तीळगूळही दिला. गोदाकाकूंनी घागर उचलली आणि जाताना थांबून हळूच म्हणाल्या, "धुळीनं झालं म्हन, नाई तं हातानं झालं म्हन. माहा सासरा तं गेला ना, बाबू."

आता एकच वाट होती. मामाकडे बी असेल. मायचं मूळ बी, त्याच गावचं. ते आणावं, मायनं लावावं, एक हंगाम गोड गेला की गाव विसरेल. मायला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिनं मला भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "दादाले म्हन, पाच बिया दे. जास्त नोको. पाच जगल्या तं लय झाल्या." त्या रात्री तिनं आढ्याखालची जागा झाडून ठेवली होती, हे मी सकाळी निघताना पाहिलं.

मी पहाटे निघालो, दिवस कलता मामाच्या गावी पोचलो. वाटेत कुठे सरहद्द लागली ते कळलं नाही. तेच सागाचं रान, त्याच कापसाच्या पऱ्हाट्या, तीच माती. मामानं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मामी आतच राहिली. माझी नजर मागच्या वाडीकडे गेली. मांडव होता. मांडवावर वेल नव्हता, वाळलेला दोरही नव्हता. मामा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमीबी उपटून टाकले, बाबू. दोन वेल गोड होते, पन कोन खाईल? तुह्या मायनं पाठवलेलं तेच बी सगळीकडं लावलं होतं. जुनं ठेवतच नाई आपन." आतून मामीचा आवाज आला, भिंतीशी बोलल्यासारखा: "मी म्हनलं होतं, तिच्या हातचं घेऊ नका. तवा कोनी आयकलं नाई." मामा ओरडला, "गप वं!" पण तो मला थांब म्हणाला नाही.

आज मला कळतं की ते दोन गोड वेल राखले असते, दूर लावले असते, पुन्हापुन्हा चाखून निवडले असते, तर तीन-चार वर्षांत बी परत मिळालं असतं. पण तेव्हा हे सांगणारा मीच एकटा होतो, आणि मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त काय बिघडलं ते माहीत होतं.

घरी परतलो तेव्हा माय वाडीत मिरचीला पाणी देत होती, तुंब्यानंच. टाकून दिला नव्हता. माझ्या हातात काही नाही हे तिनं लांबूनच पाहिलं. तरी विचारलं, "दादा काय म्हनला?"

"त्यांच्याकडेपण तेच झालं, माय. सगळं उपटलं."

"अन् वहिनी?"

"मामी काही बोलल्या नाहीत."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलू शकलो नव्हतो, आणि ते तिला माहीत होतं. तिनं तुंबा विहिरीच्या काठावर ठेवला, ओले हात लुगड्याला पुसले, आणि सगळ्या वाडीवरून एकदा नजर फिरवली, मिरच्या, वांगी, सांबाराचे वाफे, पार जामाच्या झाडापर्यंत.

"येत्या मृगाले इथं पऱ्हाटी लावू," ती म्हणाली. "दारापातूर."

"वाडीत कापूस? का माय?"

"कापूस कोनी चाखून पाहत नाई," माय म्हणाली, आणि दिवे लावायला आत गेली.